हॉलमधली वायर काढायची आहे : लॅपटॉप टीव्हीला बिनवायरीने कसा जोडावा?

खटपट्या

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईत हवी आहे.

आमच्याकडे सोफ्यापासून टीव्हीपर्यंत पाच मीटरची एचडीएमआय वायर जमिनीवरून गेलेली आहे. लॉकडाउनमध्ये 'तात्पुरती' टाकली होती, ती अजून तिथेच. परवा आईचा पाय तिच्यात अडकला. आई पडली नाही, पण टीव्ही युनिटवरून दोन बोटं पुढे सरकला. तेव्हापासून घरात एकच धोशा : ती वायर काढ.

त्यात रविवार सोडून पुढच्या रविवारी बाबांची पंचाहत्तरी आहे. पंचवीस-तीस माणसं येणार. मी ३४० जुने फोटो स्कॅन करून ठेवलेत, शिवाय ताईच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट डिजिटल करून आणली आहे. हे सगळं लॅपटॉपवरून टीव्हीवर दाखवायचंय.

लॅपटॉप विंडोज ११ चा. टीव्ही ४३ इंची, अँड्रॉइडवाला, २०२१ साली घेतलेला. कंपनीचं नाव सांगत नाही, नाहीतर धागा त्या कंपनीवरच जाईल. रूटर बेडरूममध्ये, मध्ये एक भिंत. विंडोजचं बटन आणि 'के' एकत्र दाबलं की यादीत टीव्ही दिसतो, जोडलाही जातो. फोटो व्यवस्थित येतात. पण व्हिडिओ लावला की दोन-तीन मिनिटांत चित्र अडखळायला लागतं, आवाज पुढे पळतो आणि मग जोडणी तुटते. रूटर बंद-चालू करून झाला, टीव्ही अपडेट करून झाला, शेवटी नारळ फोडायचा बाकी ठेवलाय.

नवीन काही विकत न घेता जमेल का?

चष्मिष्ट

+१. आमच्याकडे हुबेहूब हाच प्रकार. खुर्ची टाकून बसलोय.

वायरमन

खटपट्या, राग मानू नका, पण मुळात वायर वाईट नाही, ती जमिनीवर आहे हे वाईट. इलेक्ट्रिकलच्या दुकानातून केसिंग पट्टी आणा, भिंतीच्या कडेने स्कर्टिंगच्या वर बसवा, दहा मीटरची बरी केबल टाका. अर्ध्या दिवसाचं काम. पुढची दहा वर्षं ना अपडेट, ना पासवर्ड, ना 'कनेक्टिंग...' म्हणत फिरणारं चक्र.

फक्त एक बघा. दहा मीटरला फोर-के चालवायचं असेल तर स्वस्तातली केबल दगा देते, चित्र मधूनच लुकलुकतं. साध्या १०८०ला (म्हणजे फुल एचडीला) बहुधा चालून जातं.

खटपट्या

काका, भाड्याचं घर आहे. मालक खिळा ठोकायला परवानगी देत नाही, पट्टी कुठली देतोय.

नेटवर्कवाली

वायरमन काकांचं म्हणणं चुकीचं नाही. तरी मूळ प्रश्नाकडे येऊ, कारण यात बहुतेकांचा एक घोळ असतो. 'कास्ट करणं' या एकाच शब्दाखाली आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी खपवतो. तो फरक कळला तर अर्धी दुरुस्ती तिथेच होते.

पहिली गोष्ट म्हणजे डबा पोचवणं. लॅपटॉपच्या पडद्यावर जे काही चाललंय त्याचा लॅपटॉप दर क्षणाला व्हिडिओ बनवतो, दाबून लहान करतो आणि हवेतून टीव्हीकडे पाठवतो. टीव्ही फक्त डबा उघडून वाढतो. हे मिराकास्ट. वाय-फाय अलायन्स या संस्थेने २०१२ साली त्याचं प्रमाणन सुरू केलं. यात लॅपटॉप आणि टीव्ही एकमेकांशी थेट बोलतात. रूटर लागत नाही, इंटरनेट तर नाहीच नाही. तुम्ही विंडोज आणि 'के' दाबून जे करताय ते बहुधा हेच.

दुसरी गोष्ट म्हणजे खानावळीचा पत्ता सांगणं. यूट्यूबवर तो चौकोनी चिन्हाचा कास्ट दाबला की तुमचा लॅपटॉप टीव्हीला एवढंच सांगतो, "बाबा रे, अमुक ठिकाणी अमुक व्हिडिओ आहे, तू स्वतः जाऊन जेव." टीव्ही स्वतःच्या इंटरनेटने तो आणतो. मग लॅपटॉप झोपला काय, बंद केला काय, व्हिडिओ चालूच राहतो. २०१३ साली गूगलचं क्रोमकास्ट डोंगल आलं तेव्हापासून हे घराघरात पोचलं. २०२४ मध्ये गूगलने ते डोंगल बनवणं थांबवलं, पण ते तंत्र अँड्रॉइड टीव्हींच्या पोटात आहेच. यासाठी लॅपटॉप आणि टीव्ही एकाच रूटरवर असावे लागतात.

आता गंमत अशी की क्रोम ब्राउझरमधून अख्खा टॅब किंवा अख्खा डेस्कटॉप कास्ट केलात तर नाव कास्टचं, पण प्रकार पुन्हा डब्याचाच. फक्त हा डबा रूटरमार्गे जातो. लॅपटॉपकडून रूटरकडे, रूटरकडून टीव्हीकडे. दोन्ही टप्पे वाय-फायने असतील तर तीच हवा दोनदा वापरली जाते. अशा वेळी टीव्ही लॅन केबलने रूटरला जोडला तर एक टप्पा वाचतो. टीव्हीचं लॅन पोर्ट बहुतेक वेळा १०० एमबीपीएसचंच असतं, पण या कामाला तेवढं भरपूर झालं.

खटपट्या, मला तीन गोष्टी सांगा.

१. विंडोजचं बटन आणि 'आर' दाबून उघडणाऱ्या 'रन'मध्ये डी एक्स डी आय ए जी (dxdiag) असं सलग लिहून एंटर मारा, 'सेव्ह ऑल इन्फर्मेशन' करा आणि त्या फाइलमध्ये मिराकास्टची ओळ शोधा. काय लिहिलंय?
२. वाय-फायचे दोन पट्टे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. लॅपटॉप २.४वर आहे की ५ वर? आणि टीव्ही?
३. लॅपटॉपवर व्हीपीएन (सगळी वाहतूक दुसरीकडच्या बोगद्यातून नेणारी सोय) आहे का?

गुर्जी

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, दुसरी आणि तिसरीचे वर्ग एकत्र. गावकऱ्यांनी लोकवर्गणीतून शाळेला टीव्ही दिला. शाळेत इंटरनेट नाही, रूटर नाही, मोबाइलची रेंज पिंपळाच्या पारावर गेलं तरच.

दोन वर्षं आम्ही पेनड्राइव्हवर चालवलं, कारण मला वाटायचं बिनवायरीचं काही करायचं तर नेट लागणारच. एकदा केंद्रप्रमुखांच्या लॅपटॉपवर सहज ती दोन बटनं दाबली आणि टीव्हीवर थेट त्यांचा डेस्कटॉप! मी चकित. आज नेटवर्कवाली ताईंनी लिहिलेलं वाचून कारण कळलं, डबा थेट पोचतो. आता मी लॅपटॉप घेऊन वर्गात फिरतो. मागच्या बाकावरच्या पोराच्या हातात लॅपटॉप देतो, तो तिथूनच गणित सोडवतो आणि सगळ्यांना टीव्हीवर दिसतं. पोरं फळ्याला घाबरतात, याला घाबरत नाहीत.

एकच अडचण. माउस हलवला की टीव्हीवर बाण जरा उशिरा हलतो. पोरं ओरडतात, "सर, बाण दमला!" यावर काही उपाय?

नेटवर्कवाली

"बाण दमला" फार आवडलं.

गुर्जी, तो उशीर पूर्णपणे जाणार नाही. चित्र पकडायचं, दाबायचं, पाठवायचं, टीव्हीने उलगडायचं, एवढ्या प्रवासाला वेळ लागतोच. टीव्हीचा स्वतःचाही त्यात वाटा असतो, कारण चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून तो आतल्या आत प्रक्रिया करतो. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तर लावून बघा, ती प्रक्रिया बंद होते आणि थोडा फरक पडतो. लिहून दाखवायचं असेल तेव्हा नजर टीव्हीवर ठेवू नका, लॅपटॉपकडे बघून लिहा.

मी_बदलापूरचा

सावधगिरीचा इशारा. यादीत जे टीव्ही दिसतात ते सगळे आपले नसतात.

आमच्या बिल्डिंगमध्ये तीन मजल्यांवर एकाच मॉडेलचे टीव्ही, तिघांचीही नावं कंपनीने दिलेली, तीच. मी रात्री साडेदहाला क्रिकेटच्या जुन्या हायलाइट्स लावल्या, आमच्या टीव्हीवर काही येईना. परत परत जोडतोय. तेवढ्यात वरच्या काकूंचा फोन, "आमच्या टीव्हीवर कोण सारखं परवानगी मागतंय रे?" त्यांच्या नातवाने मजा म्हणून 'अलाउ' दाबलं होतं. पाच मिनिटं त्यांनी माझा डेस्कटॉप पाहिला. वॉलपेपरवर मी आणि बायको, माथेरान.

तेव्हा टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन आधी नाव बदला, आणि पिन विचारायची सोय असेल तर ती चालू ठेवा.

चष्मिष्ट

माथेरानपुरतंच निभावलं, नशीब समजा.

स्टुटगार्टकर_ताई

आमच्याकडे मॅक आहे म्हणून भर घालते. ॲपलचं स्वतःचं एअरप्ले आहे, २०१० पासूनचं. पूर्वी त्यासाठी ॲपल टीव्हीची डबी लागायची, पण २०१९ पासून सॅमसंग, एलजी, सोनीच्या काही टीव्हींमध्ये ते आतच यायला लागलं. मॅकवर वर उजवीकडे कंट्रोल सेंटर, त्यात स्क्रीन मिररिंग, संपलं. मॅकला मिराकास्ट येत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. पाहुण्यांकडे मॅक घेऊन गेलात आणि त्यांचा टीव्ही फक्त मिराकास्टवाला निघाला तर हात चोळत बसाल. असं झालंय माझं.

आणि एक कळकळीची विनंती. पाहुण्यांसमोर जोडण्याआधी नोटिफिकेशन बंद करा. आम्ही दिवाळीला इथल्या मराठी मंडळींना मुलीच्या नाचाचा व्हिडिओ दाखवत होतो आणि टीव्हीवर कोपऱ्यात माझ्या सासूबाईंचा मेसेज उमटला : "ती आली का गं, जिचा चिवडा नेहमी खवट असतो?" ती आली होती. पुढच्याच खुर्चीत होती.

विंडोजमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब'च्या सेटिंगमध्ये डिस्प्ले डुप्लिकेट असताना ते आपोआप चालू व्हायची सोय आहे. माझ्या नवऱ्याच्या लॅपटॉपवर तीच लावून ठेवली आहे.

खटपट्या

ताई, चिवड्याचं पुढे काय झालं ते वेगळ्या धाग्यात सांगाच.

नेटवर्कवाली, उत्तरं :

१. फाइलमध्ये लिहिलंय 'मिराकास्ट : अव्हेलेबल, नो एचडीसीपी'.
२. लॅपटॉप ५ वर आहे. टीव्हीच्या वाय-फायच्या यादीत मात्र आमच्या रूटरचं ५वालं नाव दिसतच नाही, फक्त २.४वालं दिसतं. मला वाटलं रेंजचा प्रश्न असेल.
३. व्हीपीएन ऑफिसच्या लॅपटॉपवर आहे, या घरच्या लॅपटॉपवर नाही.

नेटवर्कवाली

सापडलं बहुतेक.

रेंजचा प्रश्न नाही. तुमच्या टीव्हीला ५ गिगाहर्ट्झ येतच नाही. त्या किमतीच्या खूप टीव्हींमध्ये फक्त २.४चाच रेडिओ असतो, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत नुसतं 'वाय-फाय' छापलेलं असतं.

आता काय होतंय बघा. तुमच्या लॅपटॉपमध्ये वाय-फायचं कार्ड एकच. ते रूटरशी ५वर बोलतंय आणि टीव्हीशी २.४वर. अशी बरीच कार्डं दोन्हीकडे एकाच वेळी बोलू शकत नाहीत, आळीपाळीने बोलतात. एकच रिक्षा, दोन स्टँड. इकडचं गिऱ्हाईक घेतलं की तिकडचं ताटकळतं. फोटो दाखवताना गिऱ्हाईक कमी, म्हणून चालून जातं. व्हिडिओला दर सेकंदाला पंचवीस-तीस चित्रं जायची असतात, तिथे रांग लागते, आवाज एका बाजूला, चित्र एका बाजूला, आणि शेवटी टीव्ही कंटाळून फोन ठेवतो.

त्यात २.४ची हवा सोसायट्यांमध्ये भाजी मंडईसारखी. एकमेकांवर न चढणारे चॅनेल इथे तीनच मिळतात : १, ६ आणि ११. आजूबाजूच्या पंचवीस घरांचे रूटर त्यातच बसतात. ब्लूटूथ तिथेच. मायक्रोवेव्ह चालू झाला की त्याची गळतीही तिथेच.

दोन प्रयोग करा. दोन्ही फुकट आहेत.

पहिला : लॅपटॉपचं वाय-फाय बंद करू नका, फक्त रूटरपासून 'डिस्कनेक्ट' करा आणि आपोआप जोडण्याची खूण काढा. मग टीव्हीला जोडा आणि लॅपटॉपवरच असलेला व्हिडिओ लावा. रिक्षाला एकच स्टँड उरेल.

दुसरा : लॅपटॉपही रूटरच्या २.४वाल्या नावाला जोडा, रूटरचा चॅनेल १, ६, ११ पैकी जो रिकामा वाटेल त्यावर पक्का करा, आणि मग टीव्हीला जोडा. दोघे एकाच चॅनेलवर आले तर पळापळ कमी होते.

कोणता चालला ते कळवा.

ऑफिसचा_लॅपटॉप

माझ्या केसमध्ये वेगळंच निघालं, कोणाला उपयोग होईल म्हणून लिहितो. ऑफिसचा लॅपटॉप, टीव्ही यादीत दिसायचा, जोडायला गेलं की 'कुडन्ट कनेक्ट'. तीन शनिवार त्यात घातले. शेवटी आयटीवाल्याला विचारलं तर तो सहज म्हणाला, "ते आपण पॉलिसीतून बंद केलंय." व्हीपीएन चालू असतानाही घरातल्या घरातलं बोलणं अडतं, कारण सगळी वाहतूक ऑफिसच्या बोगद्यातून जाते. ऑफिसच्या मशीनवर डोकं आपटण्याआधी एक फोन करून घ्या.

पीजीवाला

मी भाड्याच्या खोलीत राहतो, वाय-फाय मालकाचं. टीव्ही आणि लॅपटॉप दोन्ही त्याच वाय-फायवर, इंटरनेट दोन्हीकडे पळतंय, तरी कास्टमध्ये टीव्ही दिसत नाही.

नेटवर्कवाली

मालकाने रूटरवर उपकरणं एकमेकांपासून वेगळी ठेवली असतील. गेस्ट वाय-फायवर, हॉटेलात, होस्टेलवर हे मुद्दाम केलेलं असतं, आणि बरोबरच आहे, नाहीतर शेजारच्या खोलीतला तुमच्या टीव्हीवर काहीही लावेल. (बदलापूरच्या काकूंना विचारा.) मिराकास्ट असेल तर ते करा, त्याला रूटरशी देणंघेणं नाही. नाहीतर फोनचा हॉटस्पॉट लावून टीव्ही आणि लॅपटॉप दोन्ही त्याला जोडा. तुमच्या फोनचा डेटा तेवढा जपा.

पेंग्विन

लिनक्सवाल्यांसाठी : 'ग्नोम नेटवर्क डिस्प्लेज' नावाचं ॲप आहे, मिराकास्ट करतं. माझ्याकडे चारातून तीनदा चालतं. चौथ्यांदा का चालत नाही हे शोधण्यात एक पावसाळा गेला.

वायरमन

मी पुन्हा येतो, कारण मला राहवत नाही. ३४० फोटो आणि एक व्हिडिओ. पेनड्राइव्हवर टाका, टीव्हीच्या मागे खोचा, रिमोटने दाखवा. ना रिक्षा, ना स्टँड. एवढा मोठा धागा पेनड्राइव्हच्या एका खोचणीत संपतो.

चष्मिष्ट

काका, धागा संपला तर आम्ही ऑफिसात काय करायचं?

नेटवर्कवाली

काका, कार्यक्रमाच्या दिवशी पेनड्राइव्ह खिशात हवाच, याला माझं पूर्ण अनुमोदन. पण त्यातही खाचखळगे आहेत. पेनड्राइव्ह फॅट-३२ (फाइली मांडून ठेवायची एक जुनी पद्धत) असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर बसत नाही, आणि लग्नाचा व्हिडिओ तेवढा सहज असतो. आयफोनवर काढलेले एचईआयसी फोटो खूप टीव्हींना उघडता येत नाहीत, ते आधी जेपीजी करून घ्या. आणि काही टीव्ही फोटो आपल्याला हव्या त्या क्रमाने न लावता फाइलच्या नावाने लावतात. ००१, ००२ अशी नावं दिलीत तर बाबांच्या बारशाआधी त्यांचं लग्न लागणार नाही.

खटपट्या, आणखी एक मधला मार्ग. लॅपटॉपवर व्हीएलसी असेल तर त्यात प्लेबॅकच्या मेनूत 'रेंडरर' असतं, तिथे टीव्ही निवडता येतो. २०१८च्या ३.० आवृत्तीपासून ही सोय आहे. यात अख्खा पडदा जात नाही, फक्त ती फाइल जाते. तुमचा डेस्कटॉप, मेसेज, माथेरान, काही दिसत नाही. मात्र याला रूटर लागतो.

आणि व्हीएचएसबद्दल. आपल्याकडचं जुनं चित्रीकरण ४:३ आकाराचं असतं, टीव्ही १६:९. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले की लोक रिमोट घेऊन चित्र ताणतात. ताणू नका. सगळं वऱ्हाड सव्वापटीहून जास्त रुंद दिसतं, आणि बायका तुम्हाला माफ करणार नाहीत.

चष्मिष्ट

माझा पण एक प्रश्न घ्या ना. पैसे भरून घेतलेल्या सिनेमाच्या ॲपवर सिनेमा लावला की टीव्हीवर आवाज येतो, खाली अक्षरं येतात, चित्र मात्र काळंकुट्ट. लॅपटॉपवर मस्त दिसतंय.

नेटवर्कवाली

खटपट्यांच्या फाइलमध्ये 'नो एचडीसीपी' लिहिलंय ना, त्याचीच ही भावंडं. एचडीसीपी म्हणजे चोरून कॉपी होऊ नये म्हणून चित्राला लावलेलं कुलूप. लॅपटॉपपासून टीव्हीपर्यंतच्या प्रत्येक टप्प्याकडे त्याची किल्ली आहे याची खात्री पटली नाही तर ॲप चित्र सोडत नाही, किंवा मुद्दाम कमी दर्जाचं सोडतं. आवाज आणि अक्षरं ॲप बहुधा अडवत नाही म्हणून ती येतात. त्यावर खटपट करू नका, तेच ॲप टीव्हीवर उघडा. पैसे भरलेत तर डबा कशाला, थेट खानावळीत जेवा.

गुर्जी

ताई, गेम मोड सापडला. बाण कमी दमतो.

आणखी एक विचारतो. टीव्हीवर प्रश्न दिसावा, पण माझ्या लॅपटॉपवर उत्तर उघडं असावं, असं जमेल का? आत्ता दोन्हीकडे एकच दिसतं आणि तिसरीची एक मुलगी चष्मा लावून माझ्या आधी उत्तर वाचते.

स्टुटगार्टकर_ताई

गुरुजी, टीव्हीला जोडल्यावर विंडोजचं बटन आणि 'पी' दाबा. डुप्लिकेटच्या जागी 'एक्स्टेंड' निवडा. मग टीव्ही म्हणजे तुमच्या लॅपटॉपच्या उजवीकडे जोडलेलं जास्तीचं टेबल. प्रश्नाची खिडकी ओढून तिकडे टाका, उत्तर इकडे ठेवा. फक्त माउस उजवीकडे निघून गेला की तो हरवलाय असं वाटतं, तो टीव्हीवर सापडतो. त्या मुलीला मात्र माझ्याकडून शाबासकी द्या.

खटपट्या

प्रयोगांचा अहवाल.

आधी दुसरा केला. लॅपटॉप २.४वर आणला. फोनवर ॲपने बघितलं तर चॅनेल ६वर आमच्यासकट अकरा रूटर! आम्ही ११वर गेलो. व्हिडिओ दोन मिनिटांऐवजी बारा मिनिटं चालला. मग आईने दूध गरम करायला मायक्रोवेव्ह लावला आणि चित्राचे चौकोन चौकोन झाले. ताईंनी लिहिलं होतं, तरी मला ते पुस्तकी वाटलं होतं. दोनदा करून बघितलं. दोन्ही वेळा चौकोन. दूध उतू गेलं ते वेगळं.

मग पहिला. रूटरपासून डिस्कनेक्ट, आपोआपची खूण काढली, थेट टीव्ही. चाळीस मिनिटांचा लग्नाचा व्हिडिओ सलग चालला! मंगलाष्टकांत आवाज आणि ओठ जुळलेले. आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली आणि उभ्याउभ्या अर्धा व्हिडिओ बघितला. मायक्रोवेव्हला त्या वेळात हात लावू दिला नाही.

एक नवीन अडचण : आवाज काही वेळा लॅपटॉपमधूनच येतो. आणि चित्राच्या कडा कापल्या जातात, खालचा टास्कबार अर्धा गायब.

नेटवर्कवाली

आवाजासाठी : कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावरून आउटपुट म्हणून टीव्ही निवडा. कडांसाठी : लॅपटॉपवर काही करू नका, टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये 'स्क्रीन फिट', 'जस्ट स्कॅन' किंवा तत्सम काही असेल. जुन्या प्रसारणात कडेला कचरा असायचा म्हणून टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा लपवायचे, ती सवय अजून गेलेली नाही.

रविवारसाठी शुभेच्छा. पेनड्राइव्ह विसरू नका.

खटपट्या

काल कार्यक्रम झाला. वृत्तांत देणं माझं कर्तव्य आहे.

सकाळी सगळं लावून तपासलं. नोटिफिकेशन बंद. टीव्हीचं नाव बदलून 'बाबा ७५' ठेवलं, पिन लावला. मायक्रोवेव्हवर चिठ्ठी चिकटवली : 'कार्यक्रम संपेपर्यंत हात लावू नये'. मावशीने विचारलं, बिघडलाय का? आईने गंभीर चेहऱ्याने सांगितलं, नाही, त्याच्यामुळे टीव्ही बिघडतो. मावशीला ते अजून पटलेलं नाही.

साडेअकराला फोटो सुरू केले. लॅपटॉप माझ्या मांडीवर, मी सोफ्यावर, हॉलमध्ये एकही वायर नाही. साठ-सत्तर फोटो भराभर गेले. मग एक आला, बाबा आणि त्यांचे दोन मित्र, गिरणीच्या गेटबाहेर, तिघांच्या हातात सायकली. बाबा म्हणाले, "थांब." आणि बोलायला लागले. कोण कुठला, कोणाची खोली कोणत्या चाळीत होती, ८२च्या संपानंतर कोण गावी गेला आणि परत आलाच नाही. मी जन्मभर या माणसाबरोबर राहतोय, यातलं निम्मं मी पहिल्यांदा ऐकत होतो. कोणी मधे बोललं नाही. लहान पोरंसुद्धा गप्प.

वीसेक मिनिटांनी ते थांबले तेव्हा माझ्या लक्षात आलं की टीव्ही निळा पडलाय. लॅपटॉप कधीच झोपला होता, जोडणी तुटली होती, आणि हे मला काय, हॉलमधल्या कोणालाच कळलं नव्हतं. सगळे बाबांकडे बघत होते.

तर तांत्रिक नोंद : पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीपची वेळ 'नेव्हर' करा आणि लॅपटॉप चार्जिंगला लावून ठेवा. ही एक गोष्ट आपल्या एवढ्या चर्चेत कोणी सांगितली नव्हती. मग परत जोडला, उरलेले फोटो आणि लग्न व्यवस्थित पार पडलं. पेनड्राइव्ह खिशातच राहिला.

नेटवर्कवाली ताई, गुर्जी, काका, सगळ्यांचे मनापासून आभार.

गुर्जी

खटपट्या, बाबांना नमस्कार सांगा. आमच्या शाळेत आजी-आजोबा दिवस असतो, त्या दिवशी गावातल्या म्हाताऱ्यांचे जुने फोटो मागवून टीव्हीवर लावावेत असं डोक्यात आलंय. स्लीपचं आत्ताच बदलून घेतलं.

वायरमन

वा! छान झालं. आता ती पाच मीटरची केबल मोकळी झाली असेल ना? द्यायची असेल तर सांगा, मी डोंबिवलीलाच आहे.

खटपट्या

काका, विचारलं आईला. तिने ती गुंडाळून, रबर लावून कपाटात ठेवली आहे. म्हणाली, "असू दे. लागेल."